तापीच्या काठाने, विनाकारण

ज्याचा भाचा परदेशी असतो त्या माणसाला स्वदेशात सुखाची झोप लागत नाही, हे सत्य शास्त्रकारांनी कोठे नमूद करून ठेवले नसले तरी अनुभवाने सिद्ध आहे. पूर्वी परदेशस्थ आप्त वर्षाकाठी एखादे पत्र धाडीत आणि त्यात प्रकृतीची विचारपूस व थंडीची तक्रार यांपलीकडे मजल जात नसे. हल्ली ते रोज सकाळी मोबाइलच्या पडद्यावर आपली छायाचित्रे पाठवितात, आणि त्या छायाचित्रांत ते घरात, कचेरीत किंवा रांगेत उभे असलेले कधीही दिसत नाहीत. माझा भाचा जर्मनीत नोकरीस आहे असे त्याची आई सांगते; छायाचित्रांवरून निर्णय करावयाचा तर तो तेथे केवळ सायकल हाकण्याच्या जागेवर कायम झालेला आहे.

त्याच्या या उद्योगाचे कार्यक्षेत्र म्हणजे ओडर आणि नाइस या दोन नद्यांचा काठ. १९४५ साली महायुद्ध आटोपल्यावर विजेत्या राष्ट्रांनी जर्मनी आणि पोलंड यांची हद्द या नद्यांवर आणून ठेवली, तेव्हा नाइसच्या दोन्ही तीरांवर नांदणारे ग्योर्लिट्झ हे नगर मधोमध दुभंगले आणि त्याचा पूर्वेकडील भाग झ्गोझेलेत्स या नावाने पोलंडच्या दप्तरी दाखल झाला. पुढे २००७ साली या सरहद्दीवरील चौक्यांची झडती उठली. आणि आता नाइसच्या उगमापासून थेट बाल्टिक समुद्रापर्यंत सहाशे किलोमीटरांहून लांब अशी एक सायकलवाट आहे, जी पुष्कळ ठिकाणी पूरबांधाच्या माथ्यावरून जाते आणि जिच्या बऱ्याचशा भागात मोटारगाडीला मज्जाव आहे.

“मामा, अख्ख्या दिवसात एकही मोटार दिसली नाही,” भाचा फोनवर सांगत होता.

“आणि माणसे?”

“माणसेही फारशी नाहीत. जी भेटतात ती मान हलवतात आणि पुढे जातात.”

या दुसऱ्या उत्तराचे मोल मला पुढे तापीच्या काठी कळावयाचे होते. त्या वेळी मला पहिल्याच उत्तराने घायाळ केले होते, कारण आमच्या अमळनेरच्या रस्त्यावर सकाळी फिरावयास निघालेला मनुष्य ट्रॅक्टर, कापसाच्या गाड्या, रिक्षा, तीन स्वार वाहणाऱ्या मोटारसायकली आणि या सर्वांना ओलांडून जाण्याची ईर्ष्या बाळगणारी एस. टी. यांच्यामधून सुखरूप परतला, तर घरची मंडळी देवापुढे साखर ठेवतात. शिवाय माझी सारी हयात महसुली दप्तरात गेलेली. हद्द, शीव, बांध, वहिवाट, पाणंद आणि पोटखराबा या विषयांचे कागद मी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवीत अव्वल कारकुनाच्या पदापर्यंत पोहोचलो आणि तेथूनच निवृत्त झालो. अशा माणसाला कोणी सांगावे की सीमेवरची नदी पाहावयाची तर पोलंडास जावे लागते, हा माझ्या पेन्शनीचा अवमान होता.

कारण सीमानदी आमच्याकडेही आहे, आणि तीही रीतसर सरकारी हुकमाने झालेली. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा पोलिटिकल एजंट म्हणून धुळ्यास येऊन बसला, आणि त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे हा अफाट मुलूख एकाच जिल्ह्याच्या जोखडात राहिला. १९०६ साली सरकारने त्याचे दोन तुकडे केले: पूर्व खानदेशाची कचेरी जळगावास आणि पश्चिम खानदेशाची धुळ्यास. याच्या आदल्या वर्षी बंगालची फाळणी झाली होती, आणि तिच्यापायी विलायती कापडाच्या होळ्या पेटून सरकारला १९११ साली तो हुकूम मागे घ्यावा लागला. खानदेशची फाळणी मात्र आजतागायत कायम आहे, एवढेच नव्हे तर १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळे काढून तिची पुढची आवृत्तीही निघाली. त्यासाठी कोणी सदरा जाळल्याचे ऐकिवात नाही. आपली तारीख आता कोणत्या गावच्या कचेरीत पडणार एवढे समजल्यावर पक्षकार समाधान पावले असावेत.

या वाटणीत निसर्गानेही थोडी कारकुनी केली. सातपुड्यातून उतरणारी अनेर ही चोपडे आणि शिरपूर या तालुक्यांची शीव सांभाळीत तापीस येऊन मिळते. पुढे तापी उत्तरेच्या शिरपुरास आणि दक्षिणेच्या अमळनेरास बऱ्याच अंतरापर्यंत अलग ठेवते. आणि मग धुळ्याचे पाणी घेऊन पांझरा येते, तेव्हा नीम आणि मुडावद या गावांपाशी, कपिलेश्वराच्या देवळाखाली दोघींचा संगम होतो. म्हणजे दोन जिल्हे, मध्ये नदी, काठाला काळी जमीन आणि मोटारींची वर्दळ कित्येक कोस दूर. ओडरला जे साधावयास महायुद्ध लढावे लागले ते आमच्या येथे एका सरकारी ठरावाने साधले होते. उणीव होती ती केवळ सायकलस्वाराची.

ती भरून काढण्यासाठी मी गिअरची सायकल विकत घेतली. आमच्या गल्लीत सायकल ही वस्तू मुलांच्या परीक्षेतील यशाचे किंवा प्रौढांच्या व्यवहारातील अपयशाचे चिन्ह मानली जाते. समोरच्या बिऱ्हाडातील गृहस्थांनी हलक्या आवाजात विचारले, “भाऊसाहेब, स्कूटर विकली का? पेन्शन अडकली असेल तर सांगा हो, संकोच करू नका.” त्यांच्या पत्नीने माझ्या पत्नीला स्वतंत्रपणे साखरेची तपासणी कोठे करून घ्यावी ते सांगितले. शिरस्त्राण घालून मी अंगणात उतरलो तेव्हा पत्नीने दार लोटून घेतले आणि आतून म्हणाली, “अहो, निदान लेंगा तरी घाला.” भाच्याने धाडलेली ती आखूड आणि घट्ट विजार मी तेथेच घडी करून ठेवली, सीमेवर परराष्ट्रीय वेशात सापडणे बरे नव्हे.

सर्वांत मूलभूत आक्षेप गल्लीतील वयोवृद्ध आप्पांनी काढला. त्यांनी मला ओट्यावर बसवून घेतले आणि विचारले, “गंगेचे पुण्य कशाने मिळते?”

“स्नानाने.”

“नर्मदेचे?”

“दर्शनाने.”

“आणि तापीचे?”

“केवळ स्मरणाने, असे म्हणतात.”

“मग घरी बसून स्मरण करा की!” आप्पा म्हणाले. “सूर्याची कन्या ती, शनी आणि यमाची बहीण. तिच्या माहेरच्या माणसांची ओळख मुद्दाम कशाला करून घेता?”

या युक्तिवादास उत्तर नव्हते. मुलताईस उगम पावून अरबी समुद्रापर्यंत ७२४ किलोमीटर धावणारी ही नदी, आणि तिचे पुण्य माजघरात पडल्यापडल्या मिळण्याची सोय आमच्या पूर्वजांनी करून ठेवलेली. अशा प्रदेशात प्रवासाची हौस वाढीस लागावी कशी? तरीही मी निघालो, कारण सायकलीचे पैसे दिलेले होते.

निघण्यापूर्वी मी जुन्या सवयीने गावनकाशे पाहून घेतले. नकाशावर तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीवाट आणि तुटक एकेरी रेषा म्हणजे पायवाट, आणि या पायवाटेची रुंदी दप्तराप्रमाणे सव्वाआठ फूट. तापीच्या काठाला समांतर अशा एकेरी रेषा मला मुबलक आढळल्या आणि त्या पाहून ऊर भरून आला. प्रत्यक्ष जागेवर गेल्यावर असे दिसले की वाटेच्या उजवीकडील शेतकऱ्याने दर साल नांगराचे एक तास पुढे सरकवीत चार फूट आपल्यात घेतले होते आणि डावीकडील शेतकऱ्याने तितक्याच श्रद्धेने दुसरे चार. बाकी उरली पाव फूट. पाव फूट म्हणजे तीन इंच. सायकलीच्या चाकाची रुंदी दोन इंचांच्या आतबाहेर. म्हणजे कसेही पाहिले तरी माझ्या गरजेपेक्षा सरकारने मला एक इंच अधिकच राखून ठेवला होता. एवढ्या अरुंद मार्गावर मोटार येण्याची भीती नाही हे खरे, आणि या एका बाबतीत आमची वाट ओडरच्या वाटेहून वरचढ म्हणावी लागेल; तेथे मोटारींना फलक लावून मज्जाव करावा लागतो, येथे तो दोन कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या नांगरून केलेला आहे.

अडविलेल्या वाटेसाठी कायदे नाहीत असे नाही. खानदेशचे तुकडे झाले त्याच १९०६ साली मुंबई सरकारने मामलेदार न्यायालयांचा कायदा केला, आणि त्याच्या ५ व्या कलमाखाली वहिवाटीला केलेला अडथळा दूर करून मागता येतो. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम शेताकडे जाण्यासाठी बांधावरून वाट देते. या दोन कलमांखालील अर्जांची मी एवढी बाडे बांधली आहेत की त्यांवर उभे राहिल्यास सातपुडा दिसावा. परंतु प्रत्येक अर्जात वाटेच्या शेवटी अर्जदाराचे शेत, विहीर, गोठा किंवा निदान चुलत्याशी असलेले वैर तरी असावयाचे. ज्याचे पलीकडे काहीच नाही, ज्याला नुसते जावयाचे आहे आणि मग परत यावयाचे आहे, अशा माणसाची दखल एकाही कलमाने घेतलेली नाही.

कशासाठी जावयाचे, हाच प्रश्न मला काठावर पदोपदी भेटणार होता.

पहिल्या घळीपर्यंत प्रवास सुरळीत झाला. तापीच्या खोऱ्यात गाळाचे थर फार जाड साचलेले आहेत, आणि पावसाच्या पाण्याने ते चिरत जाऊन काठाच्या आत पार शेतांपर्यंत घळी पडल्या आहेत. नकाशावर नदीला समांतर जाणारा मनुष्य प्रत्यक्षात पन्नास पावले पुढे, तीस पावले खाली, तितकीच वर आणि मग पुन्हा पन्नास पावले पुढे असा जातो. आणि या उतरणी-चढणीत सायकल माणसाला वाहून नेते की माणूस सायकलीला, याविषयी पाहणाऱ्यांचे एकमत होत नाही. घळींत वेडी बाभूळ माजलेली. तिचा काटा टायर, ट्यूब आणि स्वाराचा निश्चय यांमधून एकाच धडकेत आरपार जातो. पंक्चर काढावयास बसलो की शेतातले पाटाचे पाणी येऊन काळ्या मातीचा चिखल होई, आणि तो चिखल चाकाला असा लिंपला जाई की सायकल ढकलण्यासाठी प्रथम तिची मळणी करावी लागे. भाच्याच्या छायाचित्रांतील सायकली स्वच्छ का असतात हे मला कळले: तेथील नद्यांना काळी जमीन दिलेली नाही.

पण हे सारे निसर्गाचे, आणि निसर्गाला निदान बोलता येत नाही. दादर ज्वारीच्या शेताला पाणी भरणारा एक तरुण कमरेवर हात ठेवून मला दुरून न्याहाळीत होता. मी जवळ येताच त्याने विचारले:

“कथा जाई राह्यनात, भाऊ?”

“असाच. काठाकाठाने.”

“कसाले?”

“सहज.”

तो क्षणभर थांबला, त्याने आजूबाजूला पाहिले आणि सहानुभूतीच्या स्वरात विचारले, “डॉक्टरनी सांगेल शे का?”

अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना १९१६ सालची. जीव कोठून येतो, कोठे जातो आणि कशासाठी, याची तेथे चर्चा होत आली आहे. या तरुणाने तीच प्रश्नमाला दोन प्रश्नांत आटोपली होती आणि उत्तर न आवडल्याने तिसऱ्यात माझी प्रकृती विचारली होती. पुढे दर बांधाला एकेक तत्त्वचिंतक उभा होता. जर्मनीतले लोक मान हलवतात आणि पुढे जातात. आमच्या काठावर कोणी पुढे जातच नाही. तो थांबतो, आपल्याला थांबवितो, गुरे वळणाऱ्या पोरालाही हाक मारतो आणि मग तिघे मिळून आपल्या प्रयोजनाचा तपास करतात. शेवटी, आपण प्रयोजन सांगू शकत नाही असे दिसले की ते आपल्या वतीने एखादे ठरवून टाकतात.

पहिल्या गावाने मला वसुलीचा माणूस ठरविले. पतपेढीचा एक कर्जदार केळीच्या बागेत शिरला, आणि त्याचा शोध मी घ्यावयाचा नाही हे त्याच्या बायकोला पटवून देण्यात माझा बराच वेळ गेला. दुसऱ्या गावाने मला वीज खात्यात भरती केले. शिरस्त्राण हे त्याचे सबळ प्रमाण होते. माझ्या येण्याची वर्दी माझ्यापुढे धावली आणि तारांवर टाकलेले आकडे पटापट खाली उतरले. ज्या शेतात मी पोहोचावे तेथील मोटार नुकतीच बंद पडून तिचा मालक आकाशाकडे पाहत उभा असे. माझ्या एका फेरीत विजेची जी बचत झाली तिची नोंद कोठेही होणार नाही. तिसऱ्या गावात एका जाणत्या स्त्रीने मला निरखून पाहून निर्णय दिला की हे गृहस्थ मुलीसाठी स्थळ पाहत आहेत आणि मुलाच्या घरचा कोरडवाहू-बागायती अंदाज चोरून घेत आहेत. याचा परिणाम असा झाला की जिच्या पोटी लग्नाचा मुलगा होता ती प्रत्येक माउली मला आपली विहीर दाखवावयास नेऊ लागली.

नदीच्या पात्रात उतरलो तेव्हा वाळूवर एक ट्रॅक्टर उभा होता. वाहनमुक्त मार्गावरील हे पहिले वाहन. पण त्याच्याजवळच्या मंडळींनी मला इतक्या अगत्याने चहा पाजला, इतक्या आपुलकीने माझे नाव, गाव, नात्यागोत्यात पोलिस किंवा तहसील कचेरीत कोण कोण आहे याची चौकशी केली आणि निरोप देताना पाण्याच्या इतक्या बाटल्या दिल्या, की त्या ट्रॅक्टराचा उल्लेख करणेही कृतघ्नपणाचे होईल.

कळस झाला तो पुढे. “आपण महसुलात होतो” हे वाक्य माझ्या तोंडून एका पारावर निसटले. निवृत्त माणसाला आपला पूर्वीचा हुद्दा सांगितल्याशिवाय पाणी पचत नाही. घटकाभरात पारावर सतरंजी पडली, तीवर मी, माझ्यासमोर सातबाराचे उतारे, आणि दोन सख्खे भाऊ, ज्यांनी एकमेकांशी बोलणे टाकले होते आणि म्हणून जे माझ्यामार्फत एकमेकांस शिव्या देत होते. धाकट्याचे म्हणणे, थोरल्याने बांध कोरला. थोरल्याचे म्हणणे, बांध पुराने सरकला. धाकट्याने विचारले की पूर फक्त आपल्याच बाजूला कसा सरकतो. या मुद्द्यात तथ्य होते. मी दोघांचे म्हणणे ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि हयातभराच्या अभ्यासाने सुचला तो एकच न्याय्य निकाल दिला: “मोजणीचा अर्ज द्या.” दोघांची तोंडे उतरली, ते अर्ज त्यांच्या वडिलांनीच देऊन ठेवलेले होते.

निकाल लागो न लागो, न्यायाधीशाला उपाशी पाठविण्याची आमच्याकडे पद्धत नाही. कळण्याची भाकरी, भरीत, वर ठेचा आणि “एवढंच का जेवता भाऊसाहेब” हा आग्रह. थोरल्याकडे जेवलो म्हणून धाकट्याकडे जेवणे निःपक्षपातीपणाच्या दृष्टीने अनिवार्य ठरले, आणि त्याच्याकडे वरण-बट्टी होती. दोन्ही पक्षांचे अन्न पोटात घेऊन सायकलीवर बसलेला मनुष्य सीमेवरील रस्त्याची पाहणी करू शकत नाही. तो फक्त सावली शोधतो.

रस्त्याविषयी विचारावे तर त्यातही गंमत. अमळनेरकडील काठावर सगळे छातीवर हात ठेवून सांगत की सायकलीचा रस्ता पलीकडे, धुळे जिल्ह्यात आहे: “तठे मस्त शे. आठे काही नही.” आपल्या जिल्ह्याविषयी एवढी विनम्रता मी दुसरीकडे पाहिली नाही. नावेने पलीकडे गेलो, थाळनेरच्या बाजूस. फारुकी राजांनी आपली पहिली राजधानी याच काठावर थाटली, त्यांच्या कबरी तेथे आहेत, आणि १८१८ साली इंग्रजांनी तेथला किल्ला घेतला तेव्हा किल्लेदाराला फासावर चढविले. सारांश, परक्या माणसाचे येणे लाभदायक नसते हा धडा त्या गावाला इतिहासाने दिलेला आहे. तेथल्या एका वृद्धाने मला आदराने सांगितले की सायकलीचा उत्तम रस्ता जळगाव जिल्ह्यात, पलीकडच्या काठावर आहे. मी म्हणालो की मी तिकडूनच आलो. “मग तुम्हाला तो सापडला नसेल,” असे म्हणून त्याने मला नावेपर्यंत पोचविले. दोन्ही काठ एकमेकांची स्तुती करीत मला परस्परांकडे धाडीत राहिले, आणि सीमावाद एवढ्या सौजन्याने चाललेला मी पोलंडाबाबतही वाचलेला नाही.

अशा अवस्थेत एका देवळाच्या ओट्यावर पडलो असता मला आठवले की नदीकाठची वाहनमुक्त भ्रमंती ही युरोपाची मक्तेदारी नव्हे. आमच्याच उत्तरेस, सातपुड्यापलीकडे नर्मदा आहे; नंदुरबार जिल्ह्याच्या टोकाशी ती महाराष्ट्राला मध्य प्रदेशापासून आणि गुजरातपासून वेगळे करते, आणि तिची परिक्रमा माणसे शतकानुशतके पायी करीत आली आहेत. नदी न ओलांडता एका तीराने खाली, समुद्रापाशी वळून दुसऱ्या तीराने वर. जुन्या शिरस्त्याप्रमाणे तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस. शूलपाणीच्या झाडीत वाटसरूंचे सामान पार हलके करून देण्याचीही व्यवस्था असे. आणि तीन वर्षे नदीकाठाने हिंडणाऱ्या त्या माणसाला “कसाले?” असे कोणी विचारीत नाही, उलट पीठ, मीठ आणि नमस्कार देतात. भेद एवढाच की त्याच्याजवळ कारण आहे. मोटार नसलेला रस्ता आम्ही कोणालाही देऊ, पण बिनकारणी माणूस आमच्याने पाहवत नाही.

हे ध्यानात येताच मी हँडलला एक भगवे फडके बांधले. पुढच्या बांधावर प्रश्न आला, “कथा जाई राह्यनात?”

“कपिलेश्वराला. दर्शनाला.”

चमत्कार झाला. प्रश्नकर्त्याने हात जोडले, गुरे बाजूला घेतली, आपल्या शेतातून मला वाट दिली. ज्या चार फुटांसाठी त्याच्या आजोबांनी भाऊबंदकी पत्करली होती ते चार फूट माझ्यापुढे क्षणात मोकळे झाले. कायद्याच्या दोन्ही कलमांनी जे इतक्या वर्षांत साधले नाही ते एका फडक्याने साधले. मी मनाशी म्हणालो की नदीकाठचा सायकलमार्ग अखेर तयार झाला. एवढ्यात मागून हाक आली.

“भाऊ, थांबा! मना नावना एक नारय वाढी द्या.”

नारळ घेतला; देवाच्या कामाला नाही कसे म्हणावे? पुढच्या वळणावर आणखी दोन नारळ आणि उदबत्तीचा पुडा आला. त्यानंतर एका म्हातारीने भरिताच्या वांग्यांची पिशवी आणली आणि म्हणाली, “मनी आंडेर तठेच दियेल शे. इतलं तिले दी द्या.” लेकीला वांगी नेणे हा धर्मकृत्याचाच पोटभाग असल्याने तीही घेतली. मग वार्ता पुढे गेली. मोटारीचा जळका स्टार्टर दुरुस्तीसाठी, जावयाने विसरलेला चष्मा, लग्नपत्रिकांचा गठ्ठा (प्रत्येक घरी तोंडी आमंत्रणासह), मुळव्याधीच्या औषधाची बाटली जिच्याविषयी कोणाजवळ बोलू नये अशी ताकीद होती, आणि शेवटी एक जिवंत कोंबडी, जिचा कपिलेश्वराशी काहीही संबंध नव्हता परंतु जिची मालकीण म्हणाली की तुम्ही जातच आहात तर. “तुम्ही जातच आहात तर” या चार शब्दांपुढे महाराष्ट्रातील भल्याभल्यांची निग्रहशक्ती आजवर टिकलेली नाही.

नावेपाशी पोहोचलो तेव्हा सायकल दिसत नव्हती. नारळांच्या वर कोंबडी दिसत होती आणि खाली दोन चाके असावीत असा तर्क करता येत होता. नावाड्याने चोहोबाजूंनी फिरून पाहणी केली.

“माणूसना येगळा, सायकलना येगळा,” त्याने दर सांगितला.

“बरे.”

त्याने वांग्यांची पिशवी हाताने तोलली, स्टार्टर वाजवून पाहिला. “नी मालना येगळा.”

“अहो, मी माल नेत नाही. मी सहज... म्हणजे दर्शनाला निघालो आहे.”

“मंग हाऊ माल कोनना शे?”

मी एकेक नाव सांगू लागलो. तिसऱ्या नारळापर्यंत येताच त्याने मला हाताने थोपविले आणि धंद्यातील माणसाला धंद्यातील माणसाविषयी जो आदर वाटतो त्या आदराने विचारले, “रोज येशात का? रोजना व्हई तर महिनाना भाव ठराई लेऊत.”

काठावर उभ्या असलेल्या दोघातिघांनी लगोलग विचारले की मग उद्या मी किती वाजता निघणार, कारण एकाला पलीकडे ताकाची कळशी पाठवावयाची होती. मी कोंबडी एका हातात धरली, थोडी घासाघीस केली आणि महिन्याचा भाव ठरवून टाकला.